दिवाणखान्यातील संगणक : बंद कप्प्यात मावेल आणि ऐकू येणार नाही असा

मध्यलय (पुणे)

नमस्कार. टीव्हीखालच्या कप्प्यात बसेल असा एक लहान संगणक स्वतः जुळवण्याचा विचार आहे. सुटे भाग मागवण्याआधी जाणकारांचे मत घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे.

वडिलांनी पंधरा-सोळा वर्षे व्हीएचएस कॅसेटींवर जमवलेले घरचे समारंभ, टीव्हीवरून उतरवलेल्या मैफली आणि काही नाटके मी गेल्या दोन वर्षांत संगणकावर आणली. त्याशिवाय विकत घेतलेल्या डीव्हीडी आणि थोड्या ब्लू-रे आहेत. सारा साठा साडेतीन टेराबाइटच्या घरात जातो. सध्या हे सर्व टीव्हीशेजारी उभ्या असलेल्या एका जुन्या टॉवरवर चालते. चित्राबद्दल तक्रार नाही. मात्र विलंबित ख्यालाची आलापी सुरू झाली की गायकाच्या षड्जाखाली संगणकाचा स्वतःचा एक सूर लागतो, आणि तो कुठल्याच गायकाशी जुळत नाही. आईने तर परवा विचारले, की मागे पीठ दळायची चक्की लावली आहे का.

कप्प्याची मापे आतून ४५ सेंमी रुंद, ३२ सेंमी खोल आणि ११ सेंमी उंच अशी आहेत. तिन्ही बाजूंना सनमायका लावलेले प्लायवुड आहे, पाठ बंद आहे (तारांपुरते एक भोक आहे) आणि पुढे काचेचे दार आहे. टीव्ही ५५ इंची, ४के आहे. आवाज जुन्या स्टिरिओ अॅम्प्लिफायरमधून दोन स्पीकरांवर जातो आणि तो तसाच ठेवायचा आहे. संगणकावर खेळ खेळायचे नाहीत.

माझी यादी अशी आहे : मिनी-आयटीएक्स (लहान चौकोनी आकाराचा) मदरबोर्ड, रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी, ७२०० आरपीएमची ४ टीबी हार्ड डिस्क आणि ४५० वॅटचा एसएफएक्स (लहान आकाराचा) एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. एकूण ४५,००० रुपयांपर्यंत जाण्याची तयारी आहे. पंख्याचा आवाजच नको म्हणून ज्याची अॅल्युमिनियमची भिंतच हीटसिंकचे, म्हणजे उष्णता शोषून हवेत सोडण्याचे, काम करते असे बिनपंख्याचे कॅबिनेट परदेशातून मागवावे, असेही एकदा मनात येते. ते योग्य ठरेल का?

———

तांब्याची तार (ठाणे)

आपल्या यादीतील प्रत्येक भाग चांगला आहे, पण यादीची सुरुवात चुकीच्या टोकाकडून झाली आहे असे मला वाटते. शांत संगणक करायचा म्हणजे आधी शांत पंखे शोधायचे, असे बहुतेक जण धरून चालतात. मी उलट सांगेन. उष्णताच इतकी कमी निर्माण होऊ द्या, की पंख्याला फारसे कामच उरणार नाही.

चित्रपट दाखवताना प्रोसेसरचे कोअर जवळजवळ रिकामे बसलेले असतात. ध्वनिचित्र उलगडण्याचे काम चिपमधील ग्राफिक भागात त्यासाठीच बसवलेला एक लहानसा विभाग करतो. ज्या प्रकारची फाइल त्या विभागाला कळते ती नगण्य विजेत चालते, आणि जी कळत नाही ती सोडवण्यासाठी सगळे कोअर जुंपावे लागतात व पंखा ओरडू लागतो. म्हणून विचारायचा पहिला प्रश्न प्रोसेसर किती वेगवान आहे हा नसून त्याला काय काय उलगडता येते, हा आहे. ५६००जी ६५ वॅटचा आहे. ध्वनिचित्र दाबून साठवण्याच्या पद्धतींपैकी एचईव्हीसी आणि व्हीपी९ तो सहज उलगडतो, परंतु यूट्यूबवर आता सर्रास आढळणाऱ्या एव्ही१ साठी त्यात वेगळी सोय नाही. याउलट इंटेलचा २०२३ मध्ये आलेला एन१०० हा चार कोअरचा साधा प्रोसेसर केवळ ६ वॅटचा म्हणून विकला जातो, आणि त्याला एचईव्हीसीचे १० बिट, व्हीपी९ व एव्ही१ हे तिन्ही कळतात. जोर लावला तर तो ६ वॅटच्या पुढे जातो, हे खरे. तरीही माझ्याकडे चित्रपट चालू असताना भिंतीवरच्या मीटरवर सगळ्या संगणकाचे मिळून १२ ते १५ वॅट दिसतात. रात्रीचा दिवा लावल्यासारखे आहे.

हा प्रोसेसर बसवलेले, बिनपंख्याचे मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड तयार मिळतात. हा आकार १७ सेंमी बाय १७ सेंमी असल्याने आपल्या कप्प्यात तो ऐसपैस बसेल. एएसरॉकच्या एन१००डीसी-आयटीएक्सला तर लॅपटॉपसारखा १९ व्होल्टचा अॅडॉप्टर थेट लागतो, म्हणजे एसएमपीएस आणि त्यातला पंखा दोन्ही कमी झाले. कुठलाही बोर्ड घेतलात तरी त्यावरील एचडीएमआय २.० आहे याची खात्री मात्र करून घ्या, कारण जुन्या १.४ वर ४के चित्र सेकंदाला ३० वेळांपुढे जात नाही. कार्यालयांतून बाहेर पडणारे एक लिटर आकाराचे जुने संगणक स्वस्तात मिळतात, त्यांत नेमकी हीच मेख असते.

आता त्या सुराविषयी. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे. त्यामुळे आपली डिस्क अहोरात्र १२० हर्ट्झचा स्वर धरून बसते. पेटीवर तो काळी पाच आणि पांढरी सात यांच्या अधेमधे पडतो, तेव्हा तो कुणाशीच जुळत नाही ही आपली तक्रार अक्षरशः खरी आहे. डिस्क एकटी हातात धरली तर हा आवाज फारसा येत नाही. ती पत्र्याला स्क्रूने आवळून तो पत्रा पोकळ लाकडी कप्प्यात ठेवला, की तंबोऱ्याच्या भोपळ्याचे काम तो कप्पा करतो. खाली रबराचे तुकडे ठेवून फरक पडतो. पण माझा सल्ला असा, की डिस्क दिवाणखान्यात ठेवूच नका. टीव्हीखालच्या संगणकात फक्त एसएसडी असू द्या, आणि साठ्याची डिस्क दुसऱ्या खोलीत राउटरशेजारी ठेवून लॅनच्या तारेने जोडा. ४के ब्लू-रेचा प्रवाह सर्वाधिक म्हणजे सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत जातो, त्यामुळे गिगाबिटची साधी तार पुष्कळ झाली.

पंखा लावायचाच झाला तर मोठा घ्या आणि सावकाश फिरवा. त्याच पंख्याचा वेग निम्म्यावर आणला तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, मात्र हवा निम्मीच कमी होते. इतका फायदेशीर सौदा संगणकात दुसरा नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगांत) पंख्याची चढण अशी बसवा, की ६० अंशांपर्यंत तो एकाच वेगाने फिरत राहील. सतत चाललेला मंद आवाज कानाआड होतो, पण दर दोन मिनिटांनी वर-खाली होणारा आवाज डोक्यात जातो.

———

सरळसोपं (नाशिक)

कदाचित मी धाग्याच्या विरुद्ध बोलत असेन, पण इतका खटाटोप कशासाठी? काही हजारांत मिळणारा अँड्रॉइडचा स्ट्रीमिंग बॉक्स टीव्हीमागे चिकटवला, की पंखा नाही, डिस्क नाही, कॅबिनेट नाही. ओटीटीची अॅप्स त्यावर पूर्ण ४के मध्ये चालतात, तर लिनक्सवरील ब्राउझरमध्ये तीच सेवा हक्कसंरक्षणाच्या अटींमुळे कमी दर्जाचे चित्र देते. डॉल्बी व्हिजनही (अधिक उजळ-गडद छटांचे चित्र) संगणकावर धड मिळत नाही. शिवाय टीव्हीच्याच रिमोटने बॉक्स चालतो, जे संगणकाला सहसा साधत नाही. घरात वडीलधारी माणसे असतील तर या शेवटच्या मुद्द्याला मी सर्वांत जास्त गुण देईन.

———

मध्यलय (पुणे)

दोघांचेही आभार. डिस्कचा सूर काळी पाचच्या वर लागतो हे वाचून मी खरोखरच पेटी काढली, आणि ते बरोबर आहे.

सरळसोपं यांचा मुद्दा ओटीटीपुरता मला पूर्ण मान्य आहे, आणि त्या सेवा टीव्हीतील अॅपवर आम्ही पाहतोच. अडचण कॅसेटींची आहे. मित्राचा तसा बॉक्स आणून पाहिला होता. बहिणीच्या मुंजीतल्या... माफ करा, भावाच्या मुंजीतल्या पंगतीत वाढपी झपाझप फिरतात, तेव्हा त्यांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. त्याच फाइलवर माझ्या जुन्या संगणकात हे दिसत नाही. यामागचे कारण काय असावे?

———

जुनी फीत (कोल्हापूर)

मी अनेक वर्षे लग्नाच्या कॅसेटी डिजिटल करून देण्याचे काम केले आहे, म्हणून या प्रश्नाला मी उत्तर देतो.

आपल्याकडची पाल पद्धत सेकंदाला २५ चित्रे दाखवते असे म्हटले जाते, पण कॅमेरा प्रत्यक्षात सेकंदाला ५० अर्धी चित्रे टिपत असे. एकदा विषम ओळी, एकदा सम ओळी. जुन्या काचेच्या टीव्हीवर त्या तशाच आळीपाळीने उमटत आणि डोळ्याला हालचाल गुळगुळीत दिसे. आजचा पडदा सगळ्या ओळी एकदम दाखवतो. विषम आणि सम ओळी टिपण्यामध्ये एक पन्नासांश सेकंद गेलेला असतो आणि तेवढ्यात वाढपी पुढे सरकलेला असतो, म्हणून त्याच्या कडेला दाते दिसतात. यावर उपाय म्हणजे डीइंटरलेसिंग, म्हणजे अर्ध्या चित्रांतून पूर्ण चित्रे बनवणे. स्वस्त बॉक्स ते करतच नाहीत, किंवा निम्म्या ओळी फेकून देतात. मग दाते जातात, पण हालचाल लंगडी होते आणि आधीच ५७६ ओळींचे असलेले चित्र आणखी पुसट होते.

संगणकावर कोडीसारखी चित्रफिती दाखवणारी प्रणाली असेल तर तिच्या व्हिडिओच्या पर्यायांत डीइंटरलेसिंगची पद्धत निवडता येते. तिथे अशी पद्धत निवडा, जी प्रत्येक अर्ध्या चित्राचे एक पूर्ण चित्र करून सेकंदाला ५० चित्रे देईल. त्याचबरोबर टीव्ही ५० हर्ट्झवर जाईल असे पाहा. कोडीत पडद्याचा रिफ्रेश दर चित्राशी जुळवण्याची सोय आहे, परंतु ती आपणहून चालू नसते. ती चालू केलीत की कॅसेटी ५० वर आणि चित्रपट त्यांच्या दरावर जातील. ब्लू-रेवरील बहुतेक चित्रपट सेकंदाला २३.९७६ चित्रांचे असतात. ते नेमक्या २४ वर दाखवले तर सुमारे ४२ सेकंदांनी एक चित्र दोनदा दिसते आणि ६० वर दाखवले तर सावकाश सरकणारा देखावा सतत अडखळतो. कॅमेरा नदीकाठावरून हळूच फिरतो तेव्हा हे लगेच कळते.

मूळ फाइली मात्र तशाच राहू द्या. कुणाच्या सांगण्यावरून त्या एकदाच्या "साफ" करून मूळ पुसून टाकू नका. माझ्याच हातून सुरुवातीच्या काळात एका कुटुंबाचा बारशाचा सोहळा असा कायमचा खराब झाला आहे, आणि ती कॅसेट पुन्हा चालण्याच्या स्थितीत नव्हती.

———

वैदर्भीय (नागपूर)

बिनपंख्याच्या कॅबिनेटविषयी अजून कुणी लिहिलेले नाही, म्हणून हात भाजलेला माणूस या नात्याने लिहितो. हात खरोखरच भाजला होता.

तीन वर्षांपूर्वी हौसेने असे एक कॅबिनेट परदेशातून मागवले. जकात आणि वाहतूक धरून ते आतल्या सगळ्या भागांपेक्षा महाग पडले. प्रोसेसरवरून निघालेल्या तांब्याच्या हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) बाजूच्या जाड, पात्या असलेल्या भिंतीत जातात, आणि ती भिंत खोलीच्या हवेत उष्णता सोडते. दिसायला देखणे प्रकरण आहे. डिसेंबर-जानेवारीत ते अप्रतिम चालले. मे महिन्यात चित्रपटाच्या मध्यावर चित्र अडखळू लागले, कारण प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करत होता, आणि कॅबिनेटवर तळहात टेकवला तो मी लगेच उचलला.

यातले गणित सोपे आहे. हीटसिंक तापमान ठरवत नाही, तर सभोवतालच्या हवेपेक्षा चिप किती वर राहील तेवढेच ठरवतो. ही वाढ ३५ अंशांची धरली, तर १५ अंशांच्या रात्री चिप ५० वर राहते. आमच्याकडे उन्हाळ्यात बाहेर ४५ असते आणि कूलर लावूनही खोली ३५ च्या खाली जात नाही, तेव्हा ती ७० वर जाते. त्यात बंद कप्पा आणि काचेचे दार आले, की आतली हवाच आणखी दहा-बारा अंशांनी चढते. असली कॅबिनेटे मोकळ्या हवेत ठेवण्यासाठी केलेली असतात, आणि आपण त्यांना कपाटात कोंबतो.

म्हणून माझे मत असे आहे, की कॅबिनेटवर उधळायचे पैसे सुताराला द्या. पाठीच्या फळीत वरच्या कडेला हातभर लांब, दोन बोटे रुंद फट पाडून घ्या, आणि पुढच्या काचेखाली तेवढीच जागा सोडा. खालून गार हवा येईल आणि वरून तापलेली जाईल. एवढ्यावर भागले नाही तर त्या फटीवर १२० मिमीचा एक पंखा उलटा लावा आणि १२ ऐवजी ५ व्होल्टवर चालवा. टीव्हीच्या यूएसबीतून त्याला वीज मिळते, त्यामुळे टीव्हीबरोबर तो आपोआप सुरू होतो.

आणखी एक गोष्ट मला पैसे घालवल्यावर उमगली. वर्षातले आठ-नऊ महिने आपल्या डोक्यावर छताचा पंखा फिरत असतो, आणि त्याच्यापुढे ५०० आरपीएमचा संगणकाचा पंखा कुणालाही ऐकू येत नाही. उरलेले तीन महिने थंडीचे असतात, तेव्हा त्या छोट्या पंख्याची गरजच नसते. परदेशी मंडळी डेसिबलचे तक्ते देतात, ते बंद खिडक्यांच्या निःशब्द खोलीतले असतात. आपल्याकडे खालून भाजीवाला जातो.

धुळीचे म्हणाल तर दिवाळीच्या साफसफाईत संगणकही उघडावा. बिनपंख्याच्या बोर्डावरही धुळीची गोधडी साचते आणि तीही उष्णता अडवते.

———

तांब्याची तार (ठाणे)

वैदर्भीय यांच्या सुताराच्या सल्ल्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. फक्त एक जोड देतो. एन१०० चा हीटसिंक बिनपंख्याचा असला तरी त्यालगत बसणारी एम.२ एसएसडी हवा अजिबात खेळत नसेल तर त्याच्यापेक्षा अधिक तापते, तेव्हा तिच्यावर अॅल्युमिनियमची पट्टी लावा.

रिमोटविषयी सरळसोपं यांनी मांडलेली अडचण खरी आहे, पण ती सुटते. बहुतेक संगणकांच्या एचडीएमआयमध्ये सीईसीची, म्हणजे टीव्हीच्या रिमोटचे आदेश त्याच तारेतून पोहोचवण्याची, सोय नसते. ती देणारे पल्स-एटचे लहान यंत्र मिळते. ते टीव्ही आणि संगणक यांच्या मध्ये जोडले की टीव्हीच्याच रिमोटने कोडी चालते. दुसरा मार्ग म्हणजे फ्लर्क नावाचा यूएसबी रिसीव्हर. त्याला घरातला कोणताही जुना रिमोट शिकवता येतो, अगदी बंद पडलेल्या डीव्हीडी प्लेअरचासुद्धा. आईंच्या हातात जो रिमोट बसलेला असेल तोच वापरा. बिनतारी कीबोर्ड वापरणार असाल तर त्याचा डोंगल यूएसबी ३ च्या भोकात, धातूच्या कॅबिनेटच्या पाठीशी लावू नका. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शिरतो आणि अक्षरे गळतात. वीतभर एक्स्टेन्शनची तार जोडून तो डोंगल पुढे काचेजवळ आणला की काम होते.

वीज वारंवार जात असेल तर लिबरइलेक घाला. कोडीसाठीच केलेली ती लिनक्सची लहान आवृत्ती आहे. तिचा मूळ भाग केवळ वाचता येईल अशा स्वरूपात असल्याने अचानक वीज गेली तरी तो सहसा बिघडत नाही. बायोसमध्ये वीज परत आल्यावर संगणकाने आपणहून सुरू व्हावे, असा पर्यायही असतो.

———

मध्यलय (पुणे)

दोन महिन्यांनी लिहितो आहे, विलंबाबद्दल क्षमस्व.

शेवटी १९ व्होल्टवर चालणारा एन१०० चा बोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी आणि पत्र्याचे एक साधे, जाळीदार कॅबिनेट घेतले. साठ्याची डिस्क आतल्या खोलीतील माळ्यावर राउटरशेजारी गेली, आणि तिथपर्यंत वीस मीटर कॅट ६ तार भिंतीच्या पट्टीतून ओढून घेतली. ठरवलेल्या रकमेतून जे उरले त्यात सुतार, वायरमन आणि रिमोटचा रिसीव्हर असे सगळे भागले. पाठीच्या फळीतील फट सुताराने अर्ध्या तासात पाडली. ती कशासाठी हे सांगितल्यावर तो म्हणाला, की फ्रिजमागे जागा सोडतात तसेच ना, मग आधीच सांगायचे. एप्रिलच्या दुपारी, काचेचे दार लावून, दोन तासांचे नाटक चालवले. खोलीत ३४ अंश होते आणि प्रोसेसर ६३ वर स्थिरावला. फट नसताना, त्याच आठवड्यात, तो ७८ पर्यंत गेला होता. १२० मिमीचा पंखा आणून ठेवला आहे, पण अजून लावलेला नाही.

मुंजीतले वाढपी आता दात्यांविना धावतात. कोडीत रिफ्रेश दर जुळवण्याचा पर्याय चालू केल्यावर पहिल्या क्षणी टीव्ही दोन सेकंद काळा होतो, तेव्हा आई दर वेळी "गेली का वीज?" म्हणते.

एक गोष्ट मात्र राहिली होती. सगळे शांत झाल्यावर रात्री उशिरा अगदी बारीक शीळ ऐकू येऊ लागली. संगणकात फिरणारे काहीच नसल्याने मी चक्रावलो. एकेक तार काढत गेलो तेव्हा कळले, की शीळ १९ व्होल्टच्या अॅडॉप्टरमधून येते आणि संगणक रिकामा असतानाच येते, चित्र सुरू झाले की थांबते. दुकानदाराने अॅडॉप्टर बदलून दिला, पण दुसऱ्याचेही तेच.

———

तांब्याची तार (ठाणे)

ती आतल्या कॉइलची शीळ आहे. भार फार कमी असला की काही अॅडॉप्टर थांबत-थांबत काम करतात आणि ती थांबण्याची लय कानाला ऐकू येण्याच्या पट्ट्यात येते. त्यात धोका नाही. घरात जुन्या लॅपटॉपचा, त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा अधिक वॅटचा अॅडॉप्टर असेल तर पिनचे माप व ध्रुव तपासून तो लावून पाहा. नाहीतर आहे तोच अॅडॉप्टर कप्प्याबाहेर, टीव्ही युनिटच्या मागे जमिनीवर ठेवा. त्याची तार तेवढी लांब असते.

———

मध्यलय (पुणे)

जुन्या लॅपटॉपचा ६५ वॅटचा अॅडॉप्टर लावला. पिन बसली. काल रात्री साडेअकराला छताचा पंखा बंद करून, कप्प्याच्या काचेला कान लावून बसलो होतो. भिंतीवरचे घड्याळ ऐकू आले.